गडग्यावरच्या कोंबड्या

"कोंबड्या आणताय म्हणे?"

गडग्यापलीकडून काकींचा आवाज आला. ही बातमी तोवर मला, ह्यांना आणि सुताराला, एवढ्या तिघांनाच ठाऊक होती.

"कोणी सांगितलं?"

"सुताराने. माप घेऊन निघाला तो माझ्याकडे चहाला थांबला. म्हणाला, भाऊंना सहा बाय चारचं खुराडं हवंय, वर कौलं आणि खाली गुळगुळीत फरशी. मी म्हटलं, कोंबड्या राहायच्या आहेत की जावई?"

निवृत्तीनंतर ठाणं सोडून आम्ही गुहागर तालुक्यातल्या ह्यांच्या वडिलोपार्जित घरी आलो. शेजार काकींचा. मध्ये कमरेइतका जांभ्याचा गडगा. त्यातले दोन चिरे कधीतरी निसटले, तिथे कोपरं छान टेकतात म्हणून कोणी परत बसवले नाहीत. वाडीतल्या साऱ्या बातम्यांचं जकात नाकं तेच.

"फरशी नको गो. खुराडं जमिनीपासून दोन हात वर घे, म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही आणि उंदीर लागत नाही. उंदीर आला की त्याच्यामागे धामण येते. आत भाताचं तूस पसर, चार बोटं. ओलं झालं की उलथव, चुना मार. ओल्या तुसाने पिल्लांना रक्ती हगवण लागते. आणि जाळी कुठली आणताय?"

"कोंबड्यांचीच मिळते ना, षटकोनी भोकांची."

"ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही ठेवत. अर्ध्या इंचाची चौकोनी घ्या, वेल्डिंगची. खोतांकडे गेल्या साली भरदुपारी मुंगूस शिरलं. सात कोंबड्या मारल्या आणि खाल्ली एकही नाही. खोतीण गावभर सांगत फिरली की बिबट्या आला. मुंगूस म्हटलं तर कोण बघायला येतंय? बिबट्या म्हटलं की चार माणसं येतात, चहा होतो."

मग जातीचा विषय निघाला. काकींनी आधी हात वर करून बजावलं, "कडकनाथ म्हणालात तर आजपासून बोलणं बंद."

"का हो? एवढा नावाजलेला पक्षी."

"पक्ष्याचं काही चुकत नाही. काळी पिसं, काळं मांस, झाबुआचा तो, त्याला २०१८ मध्ये सरकारी मानांकनही मिळालं. आपल्या गुरुजींनी ते पेपरात वाचलं आणि रात्रीतून उद्योजक झाले. नंतर २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावाने लोकांचे पैसे बुडाले ना, त्या आधी गुरुजीही पासबुक घेऊन निघाले होते. बायकोने पासबुक तांदळाच्या कणगीत लपवलं म्हणून वाचले. आता कोणी कडकनाथ म्हटलं की गुरुजी हवामानाबद्दल बोलायला लागतात."

ह्यांनी मात्र अभ्यास केला होता. वनराजा आणि ग्रामप्रिया ह्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती, गिरिराज बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. तिन्ही परसात मोकळ्या फिरणाऱ्या, चरून पोट भरणाऱ्या.

"गिरिराज होती माझ्याकडे," काकी म्हणाल्या. "अंगाने भारदस्त. मुंगूस आलं तरी उडून फांदीवर जायची नाही, उभी राहून बघायची. तुम्ही हलकी जात घ्या."

"ग्रामप्रिया घेऊ म्हणतोय. वर्षाला दीडशेच्या वर अंडी देते. तुमची गावठी किती देते?"

"पन्नास, फार तर साठ."

"मग तुम्ही गावठीच का पाळता?"

काकींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ठाण्यातली माझी तीस वर्षं फुकट गेली असावीत. "माझी कोंबडी बारा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवर बसते. मग पिल्लं अंगाखाली घेऊन दोन-अडीच महिने हिंडते, घार आली की पंख पसरून ओरडते. तेवढ्या दिवसांत अंडं नाही. सालभरात तिची तीन-चार बाळंतपणं होतात, म्हणून अंडी पन्नासेक. तुझ्या ग्रामप्रियेतून ही खुडूक व्हायची खोडच शास्त्रज्ञांनी काढून टाकली, म्हणून ती दीडशे घालते. पण त्या दीडशेवर बसणार कोण, तुमचे भाऊ? पिल्लं हवीशी वाटली की याल ह्याच गडग्याशी."

जाता जाता एक उपदेश झाला. "एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. महिन्याची, लस टोचलेली घ्या. आणि बाजारातली रंगीत तर मुळीच नको. पाटलीणबाईंच्या नातवाने चिपळूणहून गुलाबी-हिरवी पिल्लं आणली. अंड्यांच्या कोंबड्यांची पिल्लं काढतात ना, त्यातले नर कोणाच्या कामाचे नसतात, तेच रंगवून विकतात. रंग उडाला, एकेक करून पिल्लंही गेली. एक तगला, तो रोज पहाटे तीनला आरवतो. पोलीसपाटलाच्या खिडकीखाली. आता तक्रार करायची कोणाकडे?"

महिन्याची पिल्लं मिळाली नाहीत. ह्यांनी एक दिवसाची वीस आणली. पुठ्ठ्याच्या खोक्यात नुसता चिवचिवाट. दिवाळी होऊन गेली होती, रात्री गारवा पडायला लागला होता. पडवीत पत्र्याचं गोल कडं उभं केलं, वर बल्ब टांगला आणि रात्रभर जळता ठेवला. तिसऱ्या दिवशी काकी गडग्याशी आल्या त्या हसतच.

"पोस्टमन विचारत होता, भाऊंकडे कोण अत्यवस्थ आहे? रात्रभर दिवा असतो म्हणे. आणि खालच्या घरात वेगळंच ठरलंय. जुनं घर, रात्रीचा उजेड, म्हणजे भाऊ गुप्तधन खणतायत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, अजून सापडलं नाही. दाखवा तुमचं धन."

काकी गडग्याला वळसा घालून पडवीत आल्या. ह्यांनी आत थर्मामीटर टांगला होता. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, असा तक्ता भिंतीवर चिकटवला होता. काकींनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाकून पिल्लं पाहिली.

"बल्बखाली एकावर एक चढून बसली असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून खातपीत असतील तर ठीक आहे. बल्ब थोडा वर घे." मग कड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे गोल केलंत ते बरं केलंत. कोपरा असला की रात्री त्यात दाटी होते आणि खालची गुदमरतात. कोणी शिकवलं?"

"पुस्तकात होतं."

"मग पुस्तक बरं आहे," काकी म्हणाल्या. ह्यांना दोन दिवस पुरेल एवढी शाबासकी होती ती.

खाद्यावरून मात्र दोघांचं जुंपलं. ह्यांनी चिपळूणहून तयार खाद्याचं पोतं आणलं. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, असा हिशेब. काकींच्या मते कोंबडीला तराजू दाखवणं हा तिचा अपमान. त्यांच्याकडे सकाळी मूठभर कणी, संध्याकाळी मूठभर कणी, बाकी दिवसभर शेणकी आणि पालापाचोळा उकरून किडे, वाळवी, कोवळं गवत.

"पिल्लांना पोतं घाल, त्यांना ताकद हवी. मोठी झाली की सोड. उकरू दे. नुसती कणी खाऊन मात्र अंड्याचं कवच पातळ होतं, ते माझ्याकडून घ्या." आणि गडग्यावरून एक डबा आला. खाडीवरच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, भाजून कुटलेल्या. त्या बदल्यात खुराड्यातलं झाडलेलं तूस काकींच्या नारळांना गेलं, आधी सहा महिने कुजवून. ताजं घातलं तर मुळं जळतात.

पिल्लं आठवड्याची होताना ह्यांनी त्यांच्या डोळ्यांत लासोटा लशीचा एकेक थेंब घातला. दोन महिन्यांची झाल्यावर मानमोडीची मोठी लस टोचायची होती. दवाखान्यातून विचारून आले ते डोक्याला हात लावून. लशीची कुपी निघते ती शंभर कोंबड्यांची. एकदा कालवली की बर्फात ठेवूनही तास-दोन तासांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. आमच्या कोंबड्या वीस.

"मग ऐंशींचं काय करायचं?" मी गडग्यावर विचारलं.

काकी थोडा वेळ गप्प राहिल्या. असं फारसं होत नाही.

"मानमोडी बघितली नाहीस तू. आदल्या दिवशी कोंबडी मलूल होते, हिरवट-पांढरं हगते. दुसऱ्या दिवशी मान पिळवटते, गरगर फिरते आणि पडते. औषध नाही. एका साली आठवड्याभरात वाडीतली सगळी खुराडी रिकामी झाली. कोणाकडून आली ह्यावरून अजून भांडण आहे. मी म्हणते, धाकट्या घरी जत्रेतून कोंबडा आणला त्यातून आली. ते म्हणतात, माझ्या कोंबड्या त्यांच्या परसात चरायला जात होत्या. दोन्ही खरंच असेल. रोगाला गडगा थोडाच दिसतो."

"मग सगळ्यांच्याच टोचून घेऊ या."

"थोरल्या आणि धाकट्या घरच्या भावांची दिवाणी कोर्टात केस आहे, फणसाच्या झाडावरून. एकमेकांच्या दारासमोरून जात नाहीत."

"आपल्या अंगणात येतील की."

"बर्फ?"

बर्फ मासेवालीकडून मिळाला. पशुधन पर्यवेक्षक साहेब सकाळी सहाला आले, कारण कोंबडी एकदा खुराड्याबाहेर पडली की वाडीभर धावावं लागतं. उजाडायच्या आत आमच्या अंगणात डालगी, पोती, पिशव्या यायला लागल्या. काकींच्या अकरा. गुरुजी चार कडकनाथ घेऊन आले आणि आल्या आल्या थंडीबद्दल बोलले. खोतीण आली. पोस्टमन सायकलच्या कॅरिअरला डालगं बांधून आला, आत उघड्या मानेचा कोंबडा आणि तीन माद्या. पाटलीणबाई नातवाचा तो पहाटे आरवणारा घेऊन आल्या. धाकट्या घरचे आले, त्यांच्या मागून थोरल्या घरचे. दोघे भाऊ अंगणाच्या दोन टोकांना उभे राहिले. पण साहेबांना दोन माणसं हवी होती, एक पंख धरायला आणि एक पाय. ज्याचे हात रिकामे होते त्याला त्यांनी हाक मारली. फणसाची केस चालूच आहे, पण थोरल्याने धाकट्याच्या सात कोंबड्यांचे पाय धरले हे अख्ख्या वाडीने पाहिलं. कुपी जवळजवळ संपली. लशीच्या डब्याला मासळीचा वास येत होता, त्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत.

चहाच्या वेळी साहेबांनी एवढं सांगितलं की एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, कोणाला देऊ नका, आधी दवाखान्यात कळवा. त्यावर काकींनी २००६ काढलं. नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला, आणि इथे समुद्रकाठी काकींची अंडी कोणी घेईना. "नवापूर कुठे, आपण कुठे! पण माझ्या अंड्यांकडे लोक असे बघायचे की जणू मीच तो आणला."

पिल्लांना तुरे फुटायला लागले तसं कळलं की विसात नऊ नर आहेत. काकींना आश्चर्य वाटलं नाही. "एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग तुला-मला ओळखता येत नाही. निम्मे नर निघायचेच. दहा-अकरा माद्यांना एक पुरे. बाकीचे शिमग्याला काढा, एक राखणदाराच्या नावाने ठेवा."

"ह्यांनी त्यांची नावं ठेवली आहेत."

काकी हळहळल्या. "नाव ठेवलेल्या कोंबड्याचं वड्यांबरोबर कालवण होतं, पण करणाऱ्याच्या हाताला चव राहत नाही. मला द्या. मी नाव विचारणार नाही."

सात कोंबडे गडगा ओलांडून गेले, बदल्यात दोन गावठी तलंगा आल्या. पुढचं ह्यांनी विचारलं नाही आणि काकींनी सांगितलं नाही. फक्त एका रविवारी तिकडून खमंग वास आला तेव्हा हे फिरायला निघून गेले. एक आरवणारा ठेवला आणि एक राखणदाराच्या नावाने.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिलं अंडं मिळालं, लहानसं. मग रोज तीन, चार. मग अचानक दोनावर आलं. कोंबड्या लाल, तुरे टवटवीत, आणि अंडी नाहीत. ह्यांनी तक्ता काढला. मी गडग्याशी गेले.

"काकी, तुमच्या लाकडांच्या खोपीत..."

"आहेत," काकी म्हणाल्या. "आठ दिवसांपासून येतायत. दुपारी बारा वाजले की तुझ्या दोघीजणी गडग्यावर चढतात, इकडेतिकडे बघतात आणि माझ्या खोपीत उतरतात."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"माझ्या जागेत घातलेलं अंडं कोणाचं?"

"कोंबडी माझी आहे."

"खाते कोणाकडे? दिवसभर माझ्या शेणकीवर असते."

हा वाद कोर्टात गेला असता तर फणसाच्या केसशेजारी शोभला असता. पण पुरावा लपण्यासारखा नव्हता. काकींच्या गावठीचं अंडं लहान आणि फिकट, आमचं मोठं आणि तपकिरी. तपकिरी रंग जातीचा, त्याला ताकदीशी काही देणंघेणं नाही. बलक मात्र दोन्हीकडे सारखाच केशरी, कारण दोघींचा पाला एकाच परसातला. शेवटी ठरलं की खोपीतली तपकिरी अंडी निम्मी-निम्मी. आणि खुराड्यातल्या खोक्यात मी रोज एक अंडं खुणेला ठेवून द्यायचं. एक दिसलं की कोंबडीला वाटतं, इथे घालायची रीत आहे.

मग व्हायचं तेच झालं. ह्यांना पिल्लं हवीशी वाटली. आमच्या अकरापैकी एकही अंड्यांवर पाच मिनिटं टेकेना. काकींची तांबडी खुडूक होऊन दोन दिवस टोपलीत फुगून बसली होती, हात लावला तर फिस्कारत होती.

"अर्धलीने," मी काही बोलायच्या आधीच काकी म्हणाल्या. "अंडी तुझी, कोंबडी माझी, पिल्लं निम्मी. आठवड्याच्या आतली ताजी आण, धुऊ नको. सातव्या रात्री टॉर्च लावून बघू, लाल शिरा दिसल्या तर फळलेलं, कोरं दिसलं तर काढून टाकू."

दहा अंडी बसवली. एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. काकींनी त्यांना गडग्यावर आणून दाखवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न पाहिलेला आनंद होता.

"बघ ह्याची मान."

पाच पिल्लांच्या मानेवर लव होती. तिघांची मान साफ उघडी.

"पोस्टमनचा कोंबडा!" मी म्हटलं. "पण तो तर तिकडच्या टोकाला असतो."

"असतो ना. पण येतो कधी ते तुला काय माहीत. एकदा आला की पंधरवडाभर कोंबडी त्याच्यावर फळलेली अंडी घालू शकते. भाऊंच्या कोंबड्याचा नुसता आरवण्यापुरता मान." काकींनी उघड्या मानेचं एक पिल्लू उचलून पाहिलं. "वाईट नाही हो. उघड्या मानेचे उकाड्यात तगतात."

संध्याकाळपर्यंत ही बातमी पोस्टमनपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी तो पत्र नसताना आला. सायकल गडग्याला टेकवली आणि पिल्लांकडे बघत राहिला.

"तीन आमची दिसतात," तो म्हणाला. "आमचाही वाटा निघतो मग."

मी काकींकडे पाहिलं. अंडी माझी, ऊब काकींची, बी पोस्टमनचं, शेणकी काकींची, लस सगळ्या वाडीची. अर्धलीचा हिशेब इतक्या वाटेकऱ्यांत बसेना. काकींनी मात्र क्षणभरही विचार केला नाही.

"निघतो ना," त्या म्हणाल्या. "एक पिल्लू ने. आणि पुढच्या लशीला बर्फ तू आणायचा. मासेवालीकडचा नको, वास येतो."